व्यसनमुक्ती कोणत्या भाषेत?

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात गटसभेला बसायची संधी मला मिळाली. गोलात वीसेक जण होते. त्यांत एक बंगाली कारागीर होता, सोन्याच्या दागिन्यांचं काम करणारा, गर्दच्या नादी लागलेला. त्याची पाळी आली तेव्हा तो मोडक्यातोडक्या हिंदीत चार वाक्यं बोलला, मध्येच अडला आणि आपल्या भाषेत म्हणाला, "आमी चेष्टा कोरछी." दोघंतिघं हसले. समुपदेशकांच्याही कपाळावर आठी उमटली. बंगालीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'मी प्रयत्न करतोय' असं तो सांगत होता आणि गोलातल्या मराठी माणसांना 'मी थट्टा करतोय' असं ऐकू आलं. कुणीतरी उलगडा केला, हसणं थांबलं, सभा पुढं गेली. उरलेला तासभर तो काही बोलला नाही.

मोडलेलं हाड जोडताना डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात भाषेची अडचण आली तरी क्ष-किरणाचा फोटो बरंचसं सांगून जातो. व्यसनाच्या आजारात असा फोटो नसतो. काय घेतो, किती घेतो, कधीपासून घेतो, का घेतो आणि आता सोडायचं का ठरवलं, हे सगळं रुग्णाच्याच तोंडून कळतं. पहिल्या आठवड्यातल्या गोळ्या आणि सलाइन सोडलं तर उपचारही मुख्यतः बोलण्यातूनच होतो. म्हणून आसपासच्यांची भाषा न येणाऱ्या माणसाला व्यसनमुक्तीची सेवा कुठं आणि कशी मिळते, हा प्रश्न उपचाराच्या गाभ्यातला आहे. त्यावर आजवर काय झालं, कोणती मतं आहेत आणि काय अडून राहिलं आहे, ते इथं एकत्र मांडतो आहे. मांडणीच्या मध्यभागी महाराष्ट्र आहे; बाहेरचे दाखले तुलनेपुरते घेतले आहेत.

हे काम उभं राहिलं तेव्हा

आपल्याकडचं संघटित व्यसनमुक्तीचं काम ऐंशीच्या दशकातलं. चेन्नईत १९८० साली शांती रंगनाथन यांनी टीटीके रुग्णालयाचं काम सुरू केलं. १९८१ मध्ये वांद्र्याला माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयानं फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशनची सुरुवात केली. त्याच सुमारास मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, गल्लोगल्ली पोचली. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला. डॉ. अनिल अवचट यांच्या 'गर्द' या पुस्तकामुळं हा प्रश्न मराठी घराघरांत कळला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाची देणगी त्यामागं होती.

या पिढीनं उपचाराची जी रीत घडवली ती बोलण्या-ऐकण्याची होती. गटसभा, समुपदेशन, बरं झालेल्या मित्रांचे अनुभव, घरच्यांसाठी वेगळ्या बैठका. मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' गट झाला तो याच विचारातून. १९३५ मध्ये अमेरिकेत जन्मलेली आणि १९५७ पासून भारतात असलेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, तर पूर्णपणे बोलण्यावरच उभी आहे. तिथं डॉक्टर नसतो आणि औषधही नसतं. एक दारुडा दुसऱ्या दारुड्याला आपली गोष्ट सांगतो, एवढंच.

तेव्हा भाषेचा प्रश्न फारसा कुणी काढला नाही, कारण तो पडलाच नव्हता. पेठांतली, चाळींतली मुलं आणि त्यांना सांभाळणारे कार्यकर्ते एकाच भाषेचे होते. वांद्र्यात इंग्रजी आणि हिंदी चालायचीच. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत शहरं बदलली, कामगार बदलले आणि व्यसनंही बदलली. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रानं २०१८ मध्ये केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ या वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींना त्यासाठी मदतीची गरज आहे, असं त्यात दिसलं. अफूजन्य पदार्थांसाठी मदत हवी असलेले ७७ लाख निघाले. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० जणांत एक. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झालं ते या आकड्यांच्या आधारावर.

'दुसरी भाषा' कुणाची?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साधारण ६९ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. उरलेल्या ३१ टक्क्यांत मोठा वाटा हिंदी आणि उर्दूचा. यावरून 'मराठी आणि हिंदी येणारा समुपदेशक असला की झालं' असा निष्कर्ष सहज निघतो, आणि बहुतेक केंद्रं तो गृहीत धरूनच चालतात. पण जनगणनेच्या 'हिंदी' या मथळ्याखाली पाच कोटींहून जास्त भोजपुरी भाषक मोजले गेले आहेत. अवधी, छत्तीसगढी, मारवाडी बोलणारेही त्याच रकान्यात आहेत. भिवंडीच्या मागावर बसलेला आझमगढचा माणूस मुकादमाशी हिंदी बोलतो, पण आईच्या आठवणीनं रडतो तेव्हा हिंदीत रडत नाही.

शिवाय जे हिंदीच्या छत्रीखाली येतच नाहीत ते वेगळे. सोलापुरात पिढ्यानपिढ्या विणकाम करणारा तेलुगू पद्मशाली समाज आहे. रत्नागिरीच्या मच्छीमार बोटींवर आणि आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं आहेत. गडचिरोलीत माडिया आणि गोंडी बोलणारी गावं आहेत. गोंडी भाषक देशभरात तीस लाखांच्या आसपास आहेत, तरी घटनेच्या आठव्या परिशिष्टात ही भाषा नाही. या सगळ्यांत माडिया माणूस परका नाही. तो आपल्याच जमिनीवर आहे, परकी आहे ती दवाखान्याची भाषा. कर्णबधिरांची खूणभाषा हाही याच प्रश्नाचा भाग आहे, पण यादी करताना ती जवळजवळ नेहमीच विसरली जाते.

हीच गोष्ट उलट बाजूनंही पाहावी. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर विखुरले आहेत. तमिळनाडूतल्या एखाद्या गावात गलाईच्या दुकानावर राहणारा विट्याचा पोरगा दारूच्या आहारी गेला, तर तिथल्या केंद्रात तोच 'दुसऱ्या भाषेचा' रुग्ण होतो. मग त्याचे चुलते त्याला गाडीत घालून दीड दिवसाचा प्रवास करून गावाकडं आणतात. वाटेत त्याची दारू तुटलेली असते, अंगाला कंप सुटलेला असतो. अचानक दारू बंद झाल्यावर फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते, हे लक्षात घेतलं तर अशा प्रवासाचा धोका कळतो.

भाषा नेमकी कुठं लागते

उपचाराच्या प्रत्येक टप्प्यावर भाषेचं काम वेगळं असतं. चर्चेत हे टप्पे एकमेकांत मिसळले जातात म्हणून गोंधळ होतो, असं मला वाटतं.

पहिला टप्पा शरीरातून नशा उतरवण्याचा. इथं भाषा कमी लागते असा समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. दारू थांबल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठं आहोत हे कळत नाही. हे ओळखण्यासाठी डॉक्टर साधे प्रश्न विचारतात. आज वार कोणता? हे ठिकाण कोणतं? उत्तर भलतंच आलं तर तो भ्रम आहे की प्रश्नच समजला नाही, हे रुग्णाची भाषा न येणाऱ्या माणसानं कसं ठरवायचं? गर्द घेणाऱ्याला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी द्यायची तर शेवटची पावडर कधी ओढली हे नेमकं कळावं लागतं. अंगात गर्दचा अंमल असतानाच ती दिली तर एकदम जोराची 'टर्की' लागते. 'टर्की' हा आपल्याकडच्या गर्दुल्ल्यांचा शब्द. नशा न मिळाल्यावर अंग मोडून येणं, नाक-डोळे वाहणं, पोटात कालवाकालव होणं, सगळं त्यात आलं. पंजाबातून आलेला ट्रक ड्रायव्हर याच अवस्थेला 'तोड' म्हणतो. शिवाय ही गोळी गिळायची नसते, जिभेखाली विरघळू द्यायची असते. एवढी सूचनाही नीट पोचावी लागते.

दुसरा टप्पा निदानाचा. दारूचं प्रमाण मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली वापरतात. तिच्यात किती 'ड्रिंक' असं विचारलेलं असतं. आपल्याकडं माणूस क्वार्टर, नाइन्टी, देशीची बाटली या मापांत सांगतो. मोहाची दारू घरी गाळून प्यायलेली असेल तर माप कुठलं धरायचं? मराठीत 'दारू पिता का?' या प्रश्नाला 'नाही' आणि 'कधी घेता का?' या प्रश्नाला 'थोडी घेतो' असं उत्तर एकाच माणसाकडून मिळू शकतं. पिणं हे व्यसन आणि घेणं ही रीत, असा भेद आपल्या बोलण्यात मुरलेला आहे. विदर्भात 'तंबाखू खाता का?' असं विचारून चालत नाही, 'खर्रा' असंच विचारावं लागतं. ही समज शब्दकोशातून येत नाही, ती त्या भाषेत वाढलेल्या माणसाकडंच असते.

तिसरा आणि सगळ्यांत लांबचा टप्पा समुपदेशन आणि गटसभा. इथं सारखे दिसणारे शब्द घात करतात. समुपदेशक मराठी वळणाच्या हिंदीत धीर देतो, "यह शिक्षा नहीं है." मराठीतली शिक्षा म्हणजे दंड, हिंदी ऐकणाऱ्याला वाटतं, हे शिकवणं नाही. 'संसार मोडला' म्हटलं की हिंदी कानाला जग मोडल्याचं ऐकू येतं. 'राग आला' यातला राग हिंदीत संगीतातला किंवा आसक्तीतला. एखादा शब्द चुकला तर खुलासा होतो. पण व्यसनी माणूस आधीच आपल्यावर कुणाचा विश्वास नाही या भावनेत असतो. त्यानं धीर करून तोंड उघडलं आणि पहिल्याच वाक्याला हशा झाला, तर खुलाशानं ते भरून येत नाही.

शेवटचा टप्पा घरी जाण्याचा. डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असताना दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हे रुग्णाला आणि घरच्यांना समजलेलं असणं ही गोळी देण्याची अटच आहे. गर्द सोडून महिनाभर राहिलेल्या माणसाच्या शरीराची सवय मोडलेली असते. पाय घसरून त्यानं पूर्वीएवढीच मात्रा घेतली तर ती जीव घेऊ शकते. डिस्चार्जच्या दिवशी हे सांगितलं जातं, बहुधा घाईत आणि केंद्राच्या भाषेत.

चार भूमिका

हे सगळं मान्य असलेल्या लोकांतही उपायांबद्दल एकमत नाही.

एक बाजू म्हणते, उपचार मातृभाषेतच हवा. लाज, अपराधीपणा, लहानपणीचा मार, बायकोशी केलेली वागणूक या गोष्टी माणूस शिकलेल्या भाषेत सांगतो तेव्हा त्या बातमीसारख्या सांगतो. या विचाराचं बाहेरचं एक उदाहरण म्हणजे कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सरे शहराचं रोशनी क्लिनिक. तिथल्या मोठ्या दक्षिण आशियाई वस्तीसाठी ते पंजाबी, हिंदी आणि उर्दूत व्यसनाचे उपचार देतं. आपल्याकडं या भूमिकेची अडचण संख्येची आहे. एका शहरात एका भाषेचे पन्नास हजार लोक असतील तर वेगळा समुपदेशक परवडतो. बोटीवरच्या चाळीस नेपाळी खलाशांसाठी काय करायचं?

दुसरी बाजू सामाईक भाषेची. मोडकी का होईना, कामगार हिंदी बोलतोच. मालकाशी, दुकानदाराशी, पोलिसाशी त्याचं हिंदीवर निभतं, मग केंद्रात का निभू नये? वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळलेल्या काही कार्यकर्त्यांचं म्हणणं याहून पुढं जातं आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. ज्यांच्याबरोबर नशा केली ते बहुतेकदा एकाच गावचे, एकाच बोलीचे, एकाच खोलीतले असतात. त्या कंपूतून बाहेर पडणं हा बरं होण्याचा भाग आहे. मिश्र वॉर्डात जळगावचा शेतकरी, गोरखपूरचा सुतार आणि कोलकात्याचा कारागीर शेजारी झोपतात, एकमेकांची ताटं वाढतात, आणि 'हा आजार सगळ्यांना होतो' हे तिथं न सांगताच कळतं. काहींना तर परकी भाषाच सोयीची वाटते. आईच्या भाषेत जे ओठांवर येत नाही ते हिंदीत निदान सांगता येतं. एका माणसाकडून हे मी स्वतः ऐकलं आहे.

तिसरी भूमिका दुभाष्याची, आणि संशोधन सगळ्यांत जास्त याच मुद्द्यावर आहे, जरी ते व्यसनमुक्तीतलं नसलं तरी. अमेरिकेत ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये बालरोग विभागातल्या स्पॅनिश भाषक कुटुंबांच्या १३ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. त्यांत भाषांतराच्या ३९६ चुका सापडल्या, म्हणजे भेटीमागं सरासरी ३१. त्यातल्या ६३ टक्के चुकांचे वैद्यकीय परिणाम होऊ शकले असते. त्यांच्याच २०१२ च्या अभ्यासात गंभीर ठरू शकणाऱ्या चुकांचं प्रमाण व्यावसायिक दुभाषा असताना १२ टक्के होतं, ऐन वेळी धरून आणलेला माणूस असताना २२ आणि दुभाषाच नसताना २०. हाताशी मिळाला त्याला उभं करणं आणि कुणीच नसणं यांत जवळजवळ फरक नव्हता. शंभर किंवा त्याहून जास्त तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत मात्र हे प्रमाण दोन टक्क्यांवर आलं होतं. ऑस्ट्रेलियात सरकारची चोवीस तासांची टेलिफोन-दुभाषा सेवा आहे. डॉक्टर आणि रुग्ण एका खोलीत, दुभाषा फोनवर.

आपल्याकडं दुभाषा म्हणजे बहुधा बायको, मुलगा, खोलीतला सोबती किंवा ठेकेदार. दहा वर्षांच्या मुलीला 'बाबा आईला मारतात का?' हा प्रश्न भाषांतरित करायला लावणं कुणालाच रास्त वाटणार नाही, तरी घडतं तेच. बायको दुभाषी असली तर नवरा तिच्यासमोर उधारीचा आकडा खरा सांगत नाही. ठेकेदार असला तर तो काहीच सांगत नाही. छोट्या भाषेच्या समाजात प्रशिक्षित दुभाष्याबद्दलही भीती असते, कारण तो आपल्याच तालुक्याचा निघतो आणि बातमी त्याच्याआधी गावाला पोचते.

चौथी भूमिका म्हणते, माणसाला केंद्रात आणायच्या ऐवजी केंद्रच त्याच्या गावात न्या. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं सरकार आणि टाटा ट्रस्टसोबत २०१६ मध्ये तिथं 'मुक्तिपथ' सुरू केलं. गावसंघटना, गावपातळीवरची शिबिरं आणि तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक अशी त्याची रचना आहे. इथं भाषेचा प्रश्न वेगळ्या वाटेनं सुटतो. कार्यकर्ता त्याच भागातला असल्यानं दुभाषा लागत नाही. मोहाची दारू देवाच्या कामात लागते आणि व्यसन म्हणूनही घेतली जाते, यातला फरक त्याला समजावून द्यावा लागत नाही. पण ही रीत गाव असलेल्या माणसासाठी आहे. ज्याचं गाव हजार किलोमीटरवर आहे आणि जो पत्र्याच्या शेडमध्ये दहा जणांबरोबर राहतो, त्याच्यापर्यंत ती अजून आलेली नाही.

एएच्या सभा या चारांपैकी कुठल्याच भूमिकेत नीट बसत नाहीत. भाषेच्या बाबतीत मात्र त्यांची एक साधी रीत सगळ्यांनी घ्यावी अशी आहे. सभांच्या यादीत वार, वेळ, पत्ता यांबरोबर सभा कोणत्या भाषेत चालते तेही लिहिलेलं असतं.

शोधणाऱ्याच्या हाती काय लागतं

समजा, ठाण्यात राहणाऱ्या एका तेलुगू बाईला नवऱ्यासाठी केंद्र शोधायचं आहे. तिच्यापुढं दोन फोन नंबर आहेत. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन. दुसरी १४४१६, म्हणजे १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलि-मानस. ही मानसिक आरोग्यासाठी आहे आणि वीस भाषांत बोलते. तिथं तेलुगूत बोलणारं माणूस मिळतं आणि तिला पहिला धीर तिच्या भाषेत मिळतो. पुढची पायरी मात्र जवळच्या केंद्राचं नाव देण्याची, आणि त्या केंद्रात तेलुगू येणारं कुणी असेलच असं नाही. फोनवर एक भाषा आणि वॉर्डात दुसरी, ही फट आजच्या व्यवस्थेत सगळ्यांत ठळक दिसते.

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांच्या याद्या मी चाळल्या आहेत. राज्य, जिल्हा, संस्थेचं नाव, पत्ता, फोन हे त्यांत मिळतं. भाषेचा रकाना मला दिसला नाही. अमेरिकेच्या सरकारी शोधयादीत भाषेनुसार केंद्रं निवडण्याची सोय आहे. तिथल्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मात्र इंग्रजी आणि स्पॅनिश या दोनच भाषा. त्या देशात इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी पैशावरच्या सेवा समजाव्यात म्हणून २००० साली अध्यक्षीय आदेश निघाला होता. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवताना तो मागं घेतला गेला. मूळ नागरी हक्क कायदा कायम आहे, पण सोयी वाढतच जातील असं धरून चालता येत नाही, हे त्यातून दिसतं.

म्हणून आज तरी शोध फोनवर आणि ओळखीतून चालतो. जाणती माणसं केंद्राला फोन करतात तेव्हा 'तुमच्याकडं तेलुगू चालतं का?' एवढ्यावर थांबत नाहीत, कारण त्याला 'हो, चालतं' असं उत्तर हमखास येतं. ती विचारतात, तेलुगू बोलणारे समुपदेशक आहेत की वॉर्डबॉय? ते रोज असतात की आठवड्यातून एकदा? गटसभा कोणत्या भाषेत होते? आत्ता दाखल असलेल्यांत तेलुगू कुणी आहे का? घरच्यांच्या बैठकीत आम्हाला कोण समजावून सांगेल? सुटल्यावर फोन कोण करणार आणि कोणत्या भाषेत? या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारं केंद्र मराठीच असलं तरी बरेचदा चांगलं निघतं.

कायदा काय म्हणतो

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलं. त्यामुळं या कायद्यातले हक्क व्यसनी रुग्णालाही लागू होतात. कलम ४ सांगतं की उपचाराबद्दलचा निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत, खूणभाषेत किंवा चित्रांच्या मदतीनं द्यावी. कलम २२ प्रमाणं आपल्याला कोणत्या तरतुदीखाली दाखल केलं, आजार काय, उपचार काय आणि या कायद्याखालच्या मंडळाकडं दाद कशी मागायची, हे समजेल अशा भाषेत कळण्याचा हक्क आहे. शब्द स्वच्छ आहेत. ते पाळायचे कुणी आणि दुभाष्याचा खर्च कुणाच्या खात्यातून, हे मात्र उघडंच राहिलं.

हा मुद्दा कागदी वाटेल म्हणून त्याची दुसरी बाजू सांगायला हवी. नोंदणी नसलेल्या काही ठिकाणी रुग्णांना कोंडून ठेवतात, मारतात. अशा घटना देशाच्या अनेक भागांतून पुढं आल्या आहेत. अशा जागी स्थानिक भाषा न येणारा माणूस सगळ्यांत असहाय असतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याशी तो बोलू शकत नाही आणि बोलला तर त्याचं भाषांतर करणारा माणूस केंद्राचाच असतो. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४ अ हेही असंच न पोचलेलं. थोड्या प्रमाणातल्या पदार्थासाठी पकडलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे ज्याला माहीत नाही तो पोलिसांच्या भीतीनं केंद्राच्या वाटेला जात नाही.

अजून न सुटलेलं

मातृभाषेत उपचार घेतलेले रुग्ण जास्त काळ टिकतात का, हा सगळ्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न अजून उघडाच आहे. दुभाष्यांवरचे जे अभ्यास आपण आधार म्हणून वापरतो ते दुसऱ्या देशातले, दुसऱ्या आजारांचे आणि मुख्यतः एकाच भाषेचे आहेत. गटसभेत दुभाषा बसवला तर काय होतं, हेही त्यांत नाही. प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागलं तर सभेची लय मोडते. कानात कुजबुजत सांगितलं तर शेजारच्याचं लक्ष जातं. मोबाइलवरचं यांत्रिक भाषांतर आता काही जण वापरून बघतात. चहाची वेळ विचारायला ते पुरतं. भोजपुरी किंवा माडियातल्या शिव्या, म्हणी आणि हुंदके त्याला कळत नाहीत. शिवाय रुग्णाचं गुपित कुठल्या कंपनीच्या यंत्रात जातं, हा प्रश्न राहतोच.

स्त्रियांबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं आहे. स्त्रियांसाठी वेगळे वॉर्ड आधीच मोजके. त्यात आपली भाषा बोलणारी समुपदेशक मिळणं ही जवळजवळ योगायोगाची बाब होते.

आणि पाठपुरावा. मुंबईत उपचार घेतलेला सिवान किंवा दरभंग्याचा माणूस छठला गावी जातो. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. तिथं पुन्हा पाय घसरला तर तो आजारासोबत गुन्हाही ठरतो, म्हणून तो गावात कुणाला सांगत नाही. मुंबईच्या केंद्राचं पत्र त्याच्या खिशात असतं, मराठी शिक्क्याचं आणि इंग्रजी मजकुराचं. गावच्या आशाताईला ते वाचता येईल अशा भाषेत लिहावं का, रुग्णाच्या राज्यातल्या केंद्राकडं त्याला सोपवण्याची काही रीत असावी का, यावर केंद्रांच्या बैठकांत बोलणं होतं, पण रूढ पद्धत झालेली नाही. पाठपुराव्याचा फोन बहुतेक ठिकाणी समुपदेशकच करतो, आणि फोन उचलणाऱ्या आईला त्याची हिंदी समजत नाही.

केंद्रांच्या याद्यांत भाषेचा रकाना नाही. दाखल करण्याच्या अर्जात मात्र काही ठिकाणी असतो. त्या बंगाली कारागिराचा अर्ज सभेनंतर समुपदेशकांनी नाव झाकून मला दाखवला. त्याला शेठनं आणून सोडलं होतं, म्हणून अर्ज शेठनंच भरला होता. भाषेपुढं 'हिंदी' लिहिलेलं होतं, आणि पाठपुराव्यासाठी दिलेला फोन नंबरही शेठचाच होता.